थोरली, धाकटी आणि सहा रविवार

दिवाळीच्या पणत्या उतरल्या की आमच्या संभाजीनगरात एक ऋतू सुरू होतो. पंचांगात त्याला जागा नाही. शाळांच्या फळ्यांवर स्पर्धांची परिपत्रकं लागतात, मैदानांवर रोलर फिरतो, चुन्याच्या गोण्या फुटतात. सकाळी सातला छावणीतल्या मैदानावर उभं राहिलं की ओली माती, चुना आणि नुकती सोललेली मोसंबी असा मिळून एक वास येतो आणि त्या वासातच कुठून तरी शिट्टी वाजते. पोरी स्वेटर काढून ढीग घालतात आणि कुडकुडत मैदानाला फेऱ्या मारायला लागतात. मी खेळांचे फोटो काढणारा माणूस. लोकांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, माझं त्या शिट्टीला.

यंदाही परवा फोन आला. एक क्रीडाशिक्षक, जुन्या ओळखीचे. "भाऊ, खो-खोचे सामने लागलेत. दोन वर्षं झाली, तुमी फिरकलाच नाय. यंदा तरी या की." मी येतो म्हणालो आणि माळ्यावरची कॅमेऱ्याची बॅग काढायला शिडी लावली. बॅग हाताला लागली आणि मला खाली उतरता येईना. तिसऱ्या पायरीवर बसून राहिलो. शेजारच्यांनी दारातून विचारलं, काय शोधताय? काही नाही म्हणालो.

आधी खरं काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. अलकाला, माझ्या बायकोला, जाऊन आता तिसरा हिवाळा लागला. ज्या हिवाळ्यात ती आजारी पडली, त्या हिवाळ्यात मी दोन कॅमेऱ्यांपैकी कोणता घ्यावा या विचारात पार बुडालेलो होतो. ती माझ्या डोळ्यांसमोर आजारी पडली. डोळ्यांसमोर म्हणजे थेट कॅमेऱ्यासमोर, दर रविवारी, सेकंदाला पंधरा-वीस फोटो या वेगानं. मला कॅमेरे दिसत होते. ती दिसली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण हसत हसत म्हणतो. काखेतलं माणूस निघून गेल्यावर ते हसण्यावारी नेता येत नाही.

अलका फुलंब्रीची, शेतकऱ्याघरची. तालुक्याच्या खो-खो सामन्यांना मी पहिल्यांदा तिला पाहिलं. तेव्हा रोलचे दिवस होते. छत्तीस फोटोंत अख्खी स्पर्धा बसवायची, त्यामुळं एका खेळाडूच्या वाट्याला एकच फोटो. तिनं खांबावरून सूर मारला आणि मी बटण दाबलं. फोटो हलला. त्यात धूळ होती, एक वेणी होती आणि पुढच्या पोरीच्या पाठीला टेकलेली चार बोटं. त्या फोटोत धड काही कळत नव्हतं आणि मला सगळं कळलं होतं. लग्न ठरल्यावर मी तो मोठ्या कौतुकानं तिला दाखवायला नेला. "ह्याच्यात मी कुठं हाय?" ती म्हणाली. "नुसता फुफाटा दिसतोय."

पुढं ती शहरातल्या एका शाळेत शिक्षिका झाली. मुलींचा खो-खोचा संघही तिच्याकडंच आला. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायची, घरात चप्पल काढली की फुलंब्रीचं. पंचेचाळिशीतही संघातल्या पोरींबरोबर पळायची, आणि त्यांच्यातल्या दोघी-तिघींना तरी मागं टाकायची. सामन्याच्या दिवशी पहाटे उठून पैठणकडच्या मोसंब्यांची अख्खी पिशवी सोलायची, फोडी करून डब्यात भरायची. तिच्या बोटांना त्या दोन-तीन महिन्यांत कायम मोसंबीचा कडवट वास असायचा. मी त्याला वैतागायचो, कारण ती त्याच बोटांनी माझी लेन्स हातात घ्यायची.

तर त्या वर्षी ऐन मोसमाच्या तोंडावर माझा जुना कॅमेरा गेला. त्याचं शटर अडकलं. खरं म्हणजे त्याआधीची दोन वर्षं माझा एकेक चांगला फोटो हुकत होता आणि मी सगळं खापर त्या बिचाऱ्यावर फोडत होतो. अलका म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी चिडायचो. आता मात्र अंगण खरंच मोडलं होतं, म्हणून मी जवळजवळ खुशीतच पैठण गेटजवळच्या इद्रीसभाईंच्या दुकानात गेलो. तिथं दोन कॅमेरे होते, दोन्ही खेळांसाठीच बनवलेले, दोन्ही नावाजलेले. मी माहितीचे कागद चाळत बसलो तसे इद्रीसभाई हसले. "कागद पढके कॅमेरा नै लेते, भाई. चलाके देखो. पर मेरे पास चलाने का एक टैम पे एकइच आता. पैले ये तीन हफ्ते रखो. वो वापस जाएगा तो दुसरा देता मैं."

दोन्ही एकदम मिळाले असते तर! एकाच सकाळी, एकाच माणसाचे, आलटून पालटून दोन्हींनी फोटो काढले असते तर माझ्यासारख्या आंधळ्यालाही कळलं असतं. हा विचार मी इतक्या वेळा केलाय की आता त्याची धारही गेली.

पहिला कॅमेरा जुन्या घडणीचा. हाताला जड, आत आरसा, आणि प्रत्येक फोटोला तो आरसा वरखाली व्हायचा त्याचा खाडखाड आवाज. दुसरा नव्या घडणीचा, हलका, आरसाच नसलेला, त्यामुळं चुपचाप. फोटो निघाल्याचं समोरच्याला कळतही नाही. शिवाय समोरच्या माणसाचा डोळा तो आपोआप ओळखतो आणि हिरवी चौकट त्या डोळ्यावर धरून ठेवतो, माणूस कितीही पळो. अलकानं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन बायका, फजिती ऐका. अन मी धरून तीन." तिनंच त्यांची नावं ठेवली, जड ती थोरली आणि मुकी ती धाकटी. आमच्या घरात त्या दिवसांत कॅमेरा हा शब्द कुणी उच्चारला नाही. थोरली चार्जिंगला लावली का, थोरलीला नेऊन दिलं का, धाकटी कधी यायची, असंच चालायचं. घरात आम्ही दोघंच, आणि या दोघी.

कॅमेरे पारखायचे तर पळणारा माणूस तोच हवा, वाट तीच हवी, उजेड तोच हवा. "मी पळते की," अलका म्हणाली. "पोरींना कशाला उठवताय रविवारचं?" छावणीतल्या मैदानाच्या टोकाला एक कडुनिंब आहे. तिथून चुन्याच्या रेषेपर्यंत पन्नासेक पावलं. ती कुडत्याखाली ट्रॅकपँट घालायची, ओढणी माझ्या बॅगेवर टाकायची आणि कडुनिंबाखालून थेट माझ्याकडं पळत यायची. रविवारी चार-पाच वेळा. मग डब्यातली मोसंबी, मग छावणी बाजारात चहा, मग भाजी. मेथीची जुडी आणि कॅमेरा एकाच पिशवीत घातला म्हणून माझी बोलणी. थंडीनं तिचं नाक लाल व्हायचं. ते रविवार सुखाचे होते, आणि हेच मला सोसत नाही. दुःखाचे असते तर मी त्यांना नीट रडलो असतो.

पहिले तीन रविवार थोरलीचे. तिच्या आवाजानं अलकाला चेव यायचा. खाडखाड सुरू झालं की ती आणखी जोरात पळायची आणि रेषेवर येऊन विचारायची, "गडी बाद झाला का?" दुपारी मी संगणकावर फोटो मोठे करकरून बघायचो. दहातले तीन फोटो मऊ यायचे, डोळ्याची पापणी हवी तशी रेखीव नाही. "मीच लई जोरात पळते," अलका म्हणायची. "तिचा काय दोष?" मी वहीत लिहिलं, थोरली, फोकस हुकतो.

पुढचे तीन रविवार धाकटीचे. अलका रेषेवर येऊन उभी राहायची आणि गोंधळायची. "घेतला का नाय? काय कळंना."

"घेतले. दीड-दोनशे."

"अगं बाई! चोरून घेती व्हय ही."

आणि काय ते फोटो! एकही हुकलेला नाही. पापणीचा केस न केस मोजून घ्यावा. शिवाय एका धावेत किती फोटो मिळाले ते मोजलं तर माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. मी मोठ्यानं आकडा वाचून दाखवला. अलका स्वयंपाकघरातून म्हणाली, "लईच गुणाची हाय की तुमची धाकटी." वहीत मी लिहिलं, फोकस पक्का, फोटो भरपूर. एकच खोट सापडली. धाकटीचा रंग फिका येत होता. थोरलीच्या फोटोत अलकाचा चेहरा गव्हाळ, तजेलदार, आणि धाकटीच्या फोटोत तोच चेहरा पिठासारखा. कॅमेऱ्याकॅमेऱ्याचा रंग वेगळा असतो, आमच्या धंद्यातल्या लोकांचे यावरून वाद होतात. मी रंगाची सेटिंग थोडी थोडी लालीकडं सरकवत गेलो. थोरलीचा फोटो शेजारी ठेवून, दोन्ही गाल सारखे दिसेपर्यंत. अलका चहाचा कप घेऊन मागं उभी होती.

"बरी दिसती की मी," ती म्हणाली.

"आता आला बघ तुझा खरा रंग," मी म्हणालो, आणि सेव्हचं बटण दाबलं.

हे एवढं वाक्य मला माझ्या आयुष्यातून खोडून हवं आहे. बाकी काही मागत नाही.

तिच्या नडगीवर निळा डाग होता. खांब लागला म्हणाली. रविवारी दुपारी झोपायला लागली, दिवाळीचा शीण म्हणाली. भाजीची पिशवी न सांगता माझ्या हातात द्यायला लागली. मी ती घेतली, विचार न करता. फोटो काढणाऱ्याला माणसं फार कळतात असा लोकांचा समज असतो. आम्हाला उजेड कळतो. माणूस उजेडात आला तर ठीक, नाही तर आम्ही त्याला दोन पावलं डावीकडं सरकायला सांगतो.

मी धाकटी घेतली. वहीत तर तिच्या बाजूनंच सगळं होतं. अलकानं तिला हळदकुंकू वाहिलं, पट्ट्यावर कुंकवाचं बोट लावलं आणि शेजाऱ्यांना पेढे वाटले. थोरली परत गेली. इद्रीसभाईंनी विचारलं, "पक्का? बाद में पछताना नै." मी म्हणालो, शंकाच नाही.

संक्रांतीच्या आसपास अलकाला ताप आला आणि तो उतरेना. रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं आणि सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे, वेगानं वाढणारा. मग त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून दम लागतोय यांना?"

"दम?" मी म्हणालो. "डॉक्टर, ती खो-खोची खेळाडू आहे. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत मैदानावर पळत होती. माझ्याकडं फोटो आहेत."

मी खरंच मोबाइल काढून त्यांना फोटो दाखवला. गालावर लाली असलेला. डॉक्टरांनी तो पाहिला, मग अलकाकडं पाहिलं. अलका खिडकीतून बाहेर बघत होती.

दवाखान्यातले दिवस मी लिहिणार नाही. एकच दुपार लिहितो. तिला त्या दिवशी जरा बरं वाटत होतं. डोक्याला रुमाल बांधलेला, हाताला सुई. पोरींचा संघ कुठल्याशा सामन्यात जिंकला होता, ते ऐकून खुशीत होती. म्हणाली, "अवो, एक सांगू का? थोरलीवर तुमी अन्याय केला."

"तो कसा?"

"थोरली व्हती तवा मी जोरात पळत व्हते. धाकटी आली तवर माझ्यात दमच नव्हता. गोगलगायीचा फोटो कुणालाबी चांगला काढता येतो." आणि हसली. तिला हसताना खोकला आला.

मला काही क्षण कळलंच नाही ती काय बोलतेय. मग कळलं, आणि मी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमी लई खुश व्हता वो. दोन वर्षांनी माणूस फोटो बघून हसत व्हतं घरात. म्हणलं, कशाला मोडा? अन मला तरी काय ठाऊक? वाटलं, रक्त कमी झालं असंल. शेंगदाणे-गूळ खाल्ला की व्हईल."

मी तिचा हात धरून बसलो. ती माझी समजूत काढत होती. म्हणाली, पडदा जरा ओढा, ऊन डोळ्यावर येतंय.

होळीच्या आधी ती गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मी संगणक उघडला. प्रत्येक फोटोच्या पोटात तो काढल्याची वेळ लिहिलेली असते, सेकंदाच्या तुकड्यापर्यंत. इतकी वर्षं या धंद्यात आहे, ही गोष्ट मला झोपेतही सांगता येईल. मी पहिल्या रविवारचा पहिला फोटो आणि रेषेवरचा फोटो, यांच्या वेळा बघितल्या. कडुनिंबापासून रेषेपर्यंत नऊ सेकंद. दुसऱ्या रविवारी नऊ. तिसऱ्या रविवारी दहा. मग धाकटी आली. बारा. तेरा. सहाव्या रविवारी पंधरा. धाकटी जास्त वेगानं फोटो काढत नव्हती, अलका जास्त वेळ पळत होती. फोकस हुकत नव्हता, कारण हुकवायला वेगच उरला नव्हता. आणि मग मी लालीची सेटिंग मागं सरकवून शून्यावर नेली. धाकटीनं रंग फिका दाखवला नव्हता. जसा होता तसाच दाखवला होता.

मी नंतर डॉक्टरांना गाठून विचारलं, महिनाभर आधी आणली असती तर? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, असं मोजत बसू नका. पण मला मोजण्याशिवाय दुसरं येतं काय? जन्मभर मी उजेड मोजला, वेग मोजला, अंतर मोजलं. जे माणूस मोजण्यापलीकडं आपलं होतं, ते एका धुळीच्या फोटोत मला सबंध दिसलं होतं. हजारो स्वच्छ फोटोंत ते माझ्या हातून निसटलं. दोन कॅमेऱ्यांत चांगला कोणता, हे मला आजही माहीत नाही. लोक अजून विचारतात. मी दोन्ही चांगले आहेत म्हणून सांगतो, आणि ते मला जाणकार समजतात.

परवा शिडीवरून उतरल्यावर बॅग तशीच ठेवली आणि संगणक पुन्हा उघडला. तेराव्यानंतर पहिल्यांदाच. फोन केलेल्या त्या क्रीडाशिक्षकांना काय सांगायचं ते अजून ठरत नाही. खाली मैदानावर कुठं तरी शिट्टी वाजत असेल, मोसंब्या सोलल्या जात असतील, असा विचार करत मी सहाव्या रविवारची तिसरी धाव लावली. पूर्वी मी ती फक्त रेषेपर्यंत पाहिली होती, वेळ मोजण्यापुरती. पुढं आणखी फोटो आहेत हे मला माहीतच नव्हतं. अलकानं रेषा ओलांडली आणि ती थांबली, तरी माझं बोट बटणावरच राहिलं होतं. धाकटी मुकी, त्यामुळं अलकाला कळलं नाही की फोटो निघतायत.

चाळीसेक फोटो आहेत. ती वाकलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग मान वर करून माझ्याकडं बघते. मग तिचे ओठ हलतात. मी ते फोटो एकामागून एक भराभर फिरवले, मग सावकाश फिरवले, मग उलटे फिरवले. ती मला काहीतरी सांगतेय किंवा विचारतेय. काय, ते कळत नाही. फोटोला आवाज नसतो, आणि मला आठवत नाही, कारण मी ऐकलंच नव्हतं. मी ती हिरवी चौकट बघत होतो. ती तिच्या डाव्या डोळ्यावर अगदी पक्की बसलेली होती.

मी काय म्हणालो ते मात्र मला आठवतं. मी म्हणालो, "मस्त. अजून एकदा."

त्यानंतरच्या फोटोवरची वेळ चार मिनिटांनंतरची आहे. पन्नास पावलं परत जायला तिला चार मिनिटं लागली. त्या फोटोत ती लांब कडुनिंबाखाली उभी आहे, एक हात झाडाला टेकलेला, आणि दुसरा हात वर करून मला सांगतेय की मी तयार आहे.